परेशने न घातलेलं गाऱ्हाणं

डिचोली,
८ सप्टेंबर २०२५

चि. परेशला ताईचे आशीर्वाद.

इथे सगळे बरे आहेत. पाऊस चालूच आहे, तुझ्या भावोजींच्या गुडघ्याला जरा आराम आहे. पत्र बघून दचकू नकोस. फोन केला की तू "बरें" म्हणतोस आणि क्षमाच्या हाती देतोस, म्हणून लिहिते आहे.

भावोजी मला विचारतात, "ताप-बिप आलाय का? घरात तुझा आवाज नाही." ताप नाही. राग आहे.

परवा तुझ्या बायकोने मला समजावलं, "ताई, ते इंट्रोव्हर्ट आहेत हो, मनाला लावून घेऊ नका." मोबाईलवर तिने काहीतरी पाहिलं म्हणे. माझ्यासारख्यांनाही नाव आहे, एक्स्ट्रोव्हर्ट. म्हणजे तू गप्प राहिलास तर तो तुझा स्वभाव, तो सगळ्यांनी जपायचा. आणि मी बोलते, म्हणून मला कोणी काहीही बोललं तरी चालतं. हा कुठला न्याय?

तुझं गप्प राहणं मला मोबाईलने शिकवायला नको. चार माणसं जमली की तुझे तळवे ओले होतात. ते हात मीच धरलेत. क्षमाला बघायला गेलो तेव्हा तिच्या वडिलांच्या प्रश्नांना उत्तरं मी दिली. पसंती तिने मला दिली की तुला, देव जाणे. आपल्या हळर्णच्या पंचायतीत नळासाठी मी भांडले, पाणी तुझ्या अंगणात आलं. गावात नाव काय झालं? परेश देवमाणूस, कमलाक्षी तोंडाळ. तेही चालवून घेतलं.

पण त्या दिवशीचं चालवून घेणार नाही. बाबांचं वर्ष झालं, म्हणून गणपती पोचवण्याआधी देवाला घालायचं गाऱ्हाणं यंदा पहिल्यांदा तुझ्यावर आलं. हातात नारळ घेऊन तू उभा, मागे सगळे भाऊबंद "व्हय म्हाराजा" म्हणायला तयार, आणि तुझ्या तोंडून शब्द फुटेना. कोणीतरी हसलं. मला राहवलं नाही. मागून मीच सुरू केलं, "बा गजानना, ह्या घरातल्या लेकराबाळांक सुखी ठेव..." लोकांनी "व्हय म्हाराजा" म्हटलंही. मग बाबुरावकाका, आपल्याच भाऊबंदांतले, शेजारच्या घरचे, ते काय म्हणाले हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहिते.

"लगीन करून दिलेला चेडू तू. ह्या घराचा गाऱ्हाणा घालूक तू कोण? तुझा हय काय रवला?"

तू नारळाकडे बघत राहिलास.

देवापुढे शब्द फुटला नाही, ते मी समजू शकते. पण बहिणीचा अपमान होत असताना खाली बघणं हा स्वभाव नव्हे रे, ती सोय आहे. मी पिशवी उचलून निघाले तेव्हा तू बसपर्यंत आलास आणि डबाभर गोड नेवऱ्या हातात दिल्यास. नेवऱ्या म्हणजे उत्तर झालं का? त्या इथल्या पोरांनी खाल्ल्या. मी डिचोली येईपर्यंत तोंडाला पदर लावून रडत होते. आमच्यासारखेही रडतात, क्षमाला सांग.

आई आधीच गेली, आता बाबाही नाहीत. माझं माहेर म्हणजे तू एकटा. काकांनी विचारायचं ते विचारलं, त्यांना मी ओळखून आहे. माझं तिथे खरंच काही राहिलं नाही का, ते मला तुझ्याकडून कळायचं आहे.

चारचौघांत उभा राहून बोल असं मी म्हणत नाही. संध्याकाळी काका सोप्यावर एकटेच बसलेले असतात. तिथे जा. हळू आवाजात सांग, मान खाली घालून सांगितलंस तरी चालेल: हे घर ताईचंही आहे, ती येणार आणि बोलणार. मग इथे ये आणि सांगून आलो म्हणून मला सांग. मी मध्ये बोलणार नाही. तुझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबेन, कितीही वेळ लागू दे.

तोवर मला सणावाराला बोलावू नकोस. मी येणार नाही.

तू सांगशील त्या दिवसापर्यंत फक्त डिचोलीची,
कमलाक्षी