तुमचं तुम्ही सांगा

मी, खाली सही करणारी, धंद्याने शिंपीण, वय सत्तरीच्या पुढे, विधवा, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. दुखणे छातीचे आहे, डोक्याचे नाही. डॉक्टर अलीकडे फार गोड बोलू लागले आहेत, त्यावरून काय ते समजले.

१. मला दोन अपत्ये. थोरला मुलगा परगावी असतो, धाकटी मुलगी माझ्यापाशी. त्यांच्या वडिलांची सगळी सेवा धाकटीने केली. ते गेले त्या दिवशी थोरल्याची गाडी चुकली आणि त्याला पोचायला उशीर झाला. दारात धाकटी सगळ्यांदेखत म्हणाली, "या पाहुणे, बसा." तो बसला नाही. तेव्हापासून दोघांचा अबोला आहे. मला भेटायला तो येतो, पण ती कामावर गेलेली असते अशी वेळ साधून.

२. राहते घर, म्हणजे पुढची शिवणाची खोली व मागच्या दोन खोल्या, दोघांना समसमान. वकीलबाईंचा सल्ला होता की वाटणी आधीच करावी, मध्ये भिंत घालून मोकळे व्हावे. घालायची तर मुलांनी माझ्या माघारी घालावी, माझ्या हाताने ती व्हायची नाही. बँकेतली शिल्लकही निम्मी-निम्मी.

३. शिलाई मशीन धाकटीला. कापायचे मोठे टेबल थोरल्याला. ते दारातून सरळ निघत नाही, आडवे करावे लागते आणि दुसरे टोक कुणीतरी धरावे लागते.

४. मोठी कात्रीही धाकटीला. शेजारचे चष्मेवाले ती एकदा मागून घेऊन गेले आणि त्या कात्रीने पुठ्ठा कापला. धार लावणाऱ्यानेसुद्धा कपाळाला हात लावला. चष्मेवाल्यांना मी मनापासून माफ केले आहे. कात्री मात्र त्यांना पुन्हा देऊ नये.

५. मुले लहान असताना संध्याकाळी माझ्या हाताखाली बसत. थोरला काजे करी, धाकटी बटणे लावी, आणि दोघे सतत एकमेकांची उणीदुणी काढत. म्हणून मी नियम केला, भावंडाच्या कामातले एक तरी चांगले सांगितल्याशिवाय कपडा इस्त्रीला घ्यायचा नाही. सुरुवातीला "बटण गोल आहे" असली स्तुती चाले. मग हळूहळू नजर बसली. एकदा धाकटी माझ्याकडे बघून म्हणाली, "दादाने काज उसवून परत केलं. तसंच ठेवलं असतं तरी कुणाला कळलं नसतं." मला केवढा आनंद झाला. दादा तिच्या मांडीला मांडी लावून बसला होता आणि ती ते मला सांगत होती, हे तेव्हा ध्यानातही आले नाही. पुढेही तसेच चालले. कौतुक एकमेकांचे, सांगायचे आईला. मी त्यांना चांगले बोलायला शिकवले, मान वळवायला शिकवायचे राहून गेले.

६. आजही तेच. थोरला फोनवर म्हणतो, "ती होती म्हणून बाबांचं निभावलं. मला नसतं जमलं." धाकटी माझे अंग पुसताना म्हणते, "औषधांचं दादा न सांगता बघतो. कधी बोलून नाही दाखवत." मी इकडचे तिकडे पोचवते. तो ऐकून घेतो आणि हवापाण्याचे काढतो, ती ऐकून घेते आणि भांडी आवरायला लागते. मी गेले की हे पोचवायला मधे कुणी नाही. मरणाची भीती वाटत नाही, पण या विचाराने रात्ररात्र रडू येते.

७. एकमेकांचे आभार मानल्याशिवाय घर मिळणार नाही अशी अट घालणार होते. वकीलबाई म्हणाल्या, असली अट कोर्टात टिकत नाही. मलाही वाटले, घरासाठी मानलेले आभार काय चुलीत घालायचे? तेव्हा या मृत्युपत्रात कोणतीही अट नाही.

८. गेल्या आठवड्यात थोरल्याने फोनवर धाकटीबद्दल एक गोष्ट सांगितली. सांगताना त्याला रडू आवरेना. पुढे दोनच दिवसांनी धाकटीने, तिला यातले काही ठाऊक नसताना, त्याच्याबद्दल एक सांगितली आणि माझ्या पांघरुणात तोंड खुपसून रडली. तो म्हणाला, "तिला सांग." ती म्हणाली, "त्याला सांग." मी दोघांना हो म्हटले आणि कुणालाच सांगितले नाही. इथेही लिहीत नाही. दोन्ही गोष्टी मी बरोबर घेऊन चालले आहे. बाळांनो, ऐकायच्या असतील तर आता एकमेकांना विचारा.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचून पाहिले आणि साक्षीदारांसमोर सही केली.

सही: (तुमची आई)

साक्षीदार: १. आमचे डॉक्टर (सही)
२. खालच्या मजल्यावरची बेकरीवाली (सही)

स्थळ: शिवणाची खोली
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तो