आरशातला चेहरा

पाचगणी, नोव्हेंबर १९४६

चिरंजीव मानसिंग,

लष्कराने तुला बेपत्ता ठरवलं, तेव्हा हे पत्र कुठे धाडू? मी इथल्या चित्रशिबिरात राहून ॲक्वाटिंटचे छाप काढायला शिकते आहे. पलीकडेच मी लहानपणी शिकले ते कॉन्व्हेंट. प्रार्थनेची घंटा अजून तशीच वाजते.

तुझा चेहरा काढलेल्या तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरायची, खालून ऊब द्यायची, मग पत्रा तेजाबात सोडायचा. "श्वास हळू घ्या, आक्का," कुतुबुद्दीन मास्तर म्हणाले, "न्हाईतर पूड उडंल नि पोराचं नाक जाईल."

तू निघालास त्या सकाळी आरशासमोर फेटा बांधत होतास. मी मागे उभी होते. रडू येईल म्हणून तू वळलाच नाहीस. तुझा चेहरा शेवटचा आरशातच दिसला आणि पत्र्यावरही मी तसाच काढला. छापात सगळं उलटतं, हे विसरूनच गेले.

आज पत्र्यावरून ओला कागद उचलला. आरशात उजव्या भुवईवर दिसलेला तो बैलाच्या शिंगाचा व्रण कागदावर डाव्या भुवईवर आला होता, जिथे तो खरोखर आहे.

"उलटं झालं की," मास्तर म्हणाले. "दुसरा पत्रा घेऊ या?"

"नको, मास्तर. तो वळलाय."

तुझ्याकडे पाहत बसलेली,
आई