डावीकडे जाणारा बाण

गुरुवार, दिवेलागणीची वेळ

मोठा मॉनिटर आज पुन्हा अडला. अपडेट झाल्यापासून पानाची उजवी बाजू कापलेलीच दिसते. खाऱ्या हवेने केबल गंजली असेल म्हणून टोकं पुसून पाहिली. काही फरक नाही. लॅपटॉपवरची बारीक अक्षरं मला वाचता येत नाहीत, म्हणून तर ह्यांनी हा मॉनिटर आणला होता.

शेवटी उरणला भाचीला, सुषमाला, फोन केला. म्हणाली, "मावशी, तुझ्या लॅपटॉपच्या लिनक्स प्रणालीत स्क्रीनची जुनी मांडणी, कोणती कुठल्या बाजूला ते, साठवलेली असते. ती पुसून टाक, नवीन आपोआप होईल."

"तुझ्या काकांनी केलेली आहे गं ती."

"ठाऊक आहे. पण मग वाचणार कशी? रोज मलाच फोनवर वाचायला लावशील."

हे खिडकीशी, डावीकडे बसायचे, म्हणून मॉनिटर डावीकडे. ते गेल्यावर मी तो उजवीकडे हलवला, माझा उजवा डोळाच काय तो धड आहे. मांडणी मात्र त्यांचीच ठेवली. माऊसचा बाण डावीकडे ढकलायचा, की तो उजवीकडच्या मॉनिटरवर निघायचा. सुषमा हसायची. दीड वर्ष मी तसंच वाचलं.

आज पुसली. पान पूर्ण दिसतंय, बाण सरळ उजवीकडे जातो. चांगलंच झालं ना?

पुस्तक उघडायला गेले तर हात सवयीने डावीकडेच वळला. बाण लॅपटॉपच्या डाव्या काठाशी जाऊन थांबला. पलीकडे आता काही नाही.

थोडा वेळ त्याला तिथेच राहू दिलं.