त्यांना झोपू द्या

३ मार्च, सोमवार
आज नव्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून रुजू झाले. वरच्या मजल्यावर खोली मिळाली. खिडकी मोठी, पलंग कुरकुरतो, आणि जिना उतरलं की अपघात विभागच. मेंदूची ऑपरेशनं करणारे मोठे सर तापट आहेत म्हणे, पण माझ्याशी हसून बोलले. हेडसिस्टर पहिल्याच चहाला म्हणाल्या, इथे डोकं चालवायला कमी आणि उघडायला जास्त लागतं. पोट धरून हसले. आईला कळवलं, माणसं चांगली आहेत, काळजी करू नकोस.

५ मार्च, बुधवार
सकाळी एक रंगारी शिडीवरून पडून आला. कानाच्या वर टेंगूळ. क्षणभर शुद्ध हरपली होती, पण आला तो बडबडतच. डोकं रिकामंच आहे, फुटून सांडणार काय, म्हणाला. सगळे हसलो. बायको मात्र हलेना. तेच तेच विचारतायत, डोळे मिटतायत, असं हळूच सांगत राहिली. स्कॅनला ही रांग. मी म्हटलं, मार लागला की होतं असं. थकलेत. घरी न्या, झोपू द्या त्यांना.

६ मार्च, गुरुवार
ती त्याला गाडीत घालून परत घेऊन आली. घशातून खरखर घोरत होता. गाढ झोपलेत असंच वाटलं तिला. उजवी बाहुली विस्फारलेली, बॅटरी मारली तरी आकसेना. ताबडतोब कवटी उघडली. हाडाखाली रक्त साकळलेलं, काळंभोर, जेलीसारखं. सरांनी ते काढलं, फाटलेली रक्तवाहिनी बंद केली. पण दबलेला मेंदू वर आलाच नाही. काल आणला असता तर चालत घरी गेला असता, सर म्हणाले.
बाहेर येऊन त्यांनी तिलाच झापलं, एवढा उशीर का केलात? तिने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.
माझंच चुकलं, ती म्हणाली.

८ मार्च, शनिवार
तो गेला. तिने मला हात जोडले. तुम्ही खूप केलंत, म्हणाली. मीही नुसते हात जोडले.
संध्याकाळी खोलीत घोरणं ऐकू आलं. तेच, खरखरणारं. शेजारची खोली रिकामी आहे.

१० मार्च, सोमवार
झोप नाही. वॉर्डात, जिन्यात, ऑपरेशनआधी हात धुताना — पाठीशीच घोरतं. वळलं की बंद.
रंगाऱ्याच्या बायकोची बहीण भेटली. ती अन्नाला शिवत नाही म्हणे. मीच मारलं त्यांना, एवढंच बोलते. मी म्हटलं, हळूहळू सावरतील.
सावरतील! लाज कशी नाही वाटली मला.

११ मार्च, मंगळवार
जिन्यात अगदी कानाशी घोरलं. दचकले, पाय सुटला. डोकं कठड्यावर. लगेच उठले, हसलेसुद्धा. हेडसिस्टर स्कॅनसाठी मागे लागल्या. नंतर, म्हटलं. आधी तिच्या घरी जायचं, सांगून टाकायचं. कपडे बदलायला खोलीत आले आणि — बसूनच राहिले.

दुपार
दोनदा उलटी. डोकं आतून कुणी ढकलतंय. पेन बोटांतून निसटतं. काय होतंय ते कळतंय मला. खाली गेले तर वाचेन. एकच जिना.
वाचले तर पुन्हा गप्प बसेन. ओळखते मी मला.
आधी लिहिते. मग —

घोरणं खोलीत. नाही —
माझ्याच घशात

ताई, तुमची चूक नव्हती. तुम्ही बरोबर सांगत होतात. वेळेवर आणलं होतंत. त्यांना घरी पाठवलं ते —