गंजीतली सळई

प्रिय खारूताई,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर उलट टपाली येईल असं तुला वाटलं असणार, कारण प्रश्न गवताचे होते आणि गवतावर बोलायला लागलो की मला आवरणं कठीण, हे तुला ठाऊक आहे. मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवणारी तू, गवतावरून आलेल्या इंग्रजी वाक्प्रचारांचा धडा लिहायला बसलीस आणि खात्री करून घ्यायला शेतावरच्या भावाला विचारलंस, याने माझी कॉलर ताठ झाली. तुझ्या वहिनीने प्रश्नांचा तो कागद गोठ्याच्या दाराला टाचून ठेवलाय. पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं मी त्याच दिवशी धारा काढता काढता तयार केली. पाचव्यापाशी घोडं अडलं. तो तू सहज विचारलास, पण त्याचं उत्तर मला नऊ वर्षांपासून पाठ आहे. ते लिहायला धीर गोळा करावा लागला, म्हणून हा उशीर.

क्रमाने घेतो. गवताच्या गंजीत सुई शोधणं म्हणजे अशक्य काम, हे बरोबर. पण ज्याने हे काढलं त्याच्या दारात गाय नव्हती. आम्ही सुई सापडणार नाही म्हणून घाबरत नाही, ती गायीला सापडेल म्हणून घाबरतो. गेल्या वर्षी गुरांच्या डॉक्टरांच्या हातून इंजेक्शनची सुई गवतात पडली. मी आणि वहिनी दोन दिवस काडी न् काडी झटकत बसलो. शेवटी डॉक्टर ओशाळून बोटाएवढं लोहचुंबक घेऊन आले आणि ते आम्ही मास्तरीणबाईंना गिळायला लावलं. (मास्तरीणबाई ही तांबडी गाय. नाव तुझ्यावरूनच ठेवलंय, कारण तीही कोणाचं ऐकत नाही.) चुंबक पोटात बसून राहतं, लोखंड त्याला चिकटतं आणि आतडी वाचतात. बाई मजेत आहेत. सुई आत आहे की अजून गवतात, देव जाणे. हे तुझ्या वर्गाला सांगच, पुस्तकात मिळायचं नाही.

झोपायला जाण्याला इंग्रज लोक गवतावर अंग टाकणं म्हणतात, हे मला पटलं नाही. गवतावर झोपलेला माणूस असं कौतुकाने बोलणार नाही. तासाभरात मानेला खाज सुटते, कानात कुसळं जातात, आणि पाठीखाली एक तरी काडी अशी असते की ती फक्त आपल्यासाठीच उगवली होती. तुला मात्र आवडायचं. आई आपल्या लहानपणीच गेली, घरात आम्ही दोघे बाप्ये, आमची बडबड चुकवायला तू पुस्तक घेऊन कोठाराच्या माळ्यावर चढायचीस. म्हणून तर तू खारूताई. माळ्यावर दिवसाही अंधार, म्हणून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मेणबत्ती लावून बसायचीस. मला माहीत होतं, मी कधी चहाडी केली नाही. त्या चांगुलपणाचा मला बरेच दिवस अभिमान होता.

तिसरा प्रश्न बाबांनीच वाचला. एखादी गोष्ट पार बिघडली की तिला 'हेवायर' झाली म्हणतात आणि तो शब्द गवताचे गठ्ठे बांधायच्या तारेवरून आला, हे कळल्यावर ते अर्धा तास धुसफुसत होते. त्या तारेनेच तर आपलं सगळं बांधलेलं. फाटकाची कडी, बादलीचा कान, ट्रॅक्टरची सीट, आणि आता बाबांच्या चष्म्याची काडीसुद्धा. ज्या तारेवर घर चाललंय तिला नावं ठेवतात होय, म्हणाले. मग म्हणाले, लिही तिला, म्हणावं फाटकाची कडी बारा वर्षं टिकली आहे. 'लिही तिला' हे दोन शब्द मी बाबांच्या तोंडून नऊ वर्षांत पहिल्यांदा ऐकले. फोनवर तुमचं 'तब्येत बरी?' आणि 'बरी' याच्यापुढे गाडी जात नाही, ते सगळं मी शेजारी उभा राहून ऐकत आलोय. बाबा दाराशी उभे राहून कागद पुन्हा पुन्हा वाचत होते. पाचवा प्रश्न त्यांना दिसला नाही, तो मागच्या बाजूला होता.

चौथा प्रश्न त्या म्हणीचा, ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्यावं. ती खरी आहे. तिच्याबद्दल जास्त बोलायला मी लायक नाही, आणि का ते आता लिहितो.

तुझ्या वर्गात आग विझवणाऱ्या दलातून निवृत्त झालेले एक काका येतात आणि ओलं गवत आपोआप पेटतं असं ते सांगतात. दादा, हे खरं की थाप, असं तू विचारलंस. खरं आहे, खारूताई. नीट न वाळलेलं गवत दडपून रचलं की ते आतून तापायला लागतं. आठवडा, दोन आठवडे वरून काही दिसत नाही. मग एक दिवस ते पोटातूनच पेट घेतं. मेणबत्ती लागत नाही, काडी लागत नाही, कोणाला माळ्यावर बसावं लागत नाही.

त्या वर्षी बाबा पोटाच्या ऑपरेशनला गेले आणि पुढे विश्रांतीला आत्याकडे राहिले. गवताचं सगळं काम पहिल्यांदाच माझ्या हाती दिलं होतं. मी बावीस वर्षांचा, अंगात वारं शिरलेलं. बाबा येतील तेव्हा कोठार छतापर्यंत भरलेलं दिसलं पाहिजे, या हौसेपायी मी गवत दोन दिवस आधी उचललं. काडी पिळून पाहिली तर मोडत नव्हती, वाकत होती. चालतंय, म्हटलं. बाबांचा नियम तुला आठवत असेल: गंजीच्या पोटात लोखंडी सळई खुपसून ठेवायची, रोज सकाळी उपसून मुठीत धरायची, धरवली नाही तर हातातलं काम टाकून गंजी उपसायची. मी सळई ठेवली होती. बाबा परत आले त्या सकाळी मी ती उपसली आणि हातातून टाकून दिली, इतकी ती तापली होती. तासाभरात बाबा दारात आले. कोठार पाहिलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्यासमोर गंजी उपसायची म्हणजे काय केलं ते कबूल करायचं. उद्या बघू, म्हटलं. सळई पुन्हा आत ढकलली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोठार पेटलं. राखेत तुझा बिस्किटांचा डबा निघाला आणि सगळ्यांच्या नजरा तुझ्याकडे वळल्या. हिवाळ्याचा चारा गेला, अकरा गायींपैकी सहा विकाव्या लागल्या. बाबा अंगणात, लोकांसमोर तुला काय काय बोलले ते मी इथे लिहीत नाही. तू सोळा वर्षांची. मी विझवून उतरले होते, विझवून उतरले होते, एवढंच म्हणत राहिलीस. मी चार हात अंतरावर उभा होतो. तोंड उघडलं नाही. महिन्याभरात तू वसतिगृहात गेलीस, आणि पुढे कधीतरी फोनवर मला म्हणालीस की कदाचित नसेलही विझवली, आता नक्की आठवत नाही. तेव्हा तरी सांगायचं होतं. मी म्हणालो, जाऊ दे, झालं ते झालं. त्या वाक्याची मला आजही शरम वाटते. तू विझवली होतीस. तू खरं बोलत होतीस, आणि ते माझ्याइतकं पक्कं दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं.

मागच्या रविवारी न्याहारीला बसल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. वहिनीला आदल्या दिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली, आधी त्यांना सांगा, मग माझ्याशी बोला. बाबांनी फक्त विचारलं, सळई किती तापली होती? म्हटलं, धरवत नव्हती. ते ताट तसंच ठेवून गोठ्यात गेले. मला वाटलं, आता मला घराबाहेर काढतील, आणि काढलं असतं तर मी गेलोही असतो. तासाभराने परत आले आणि म्हणाले, तू गप्प बसलास, पण मी तरी कुठे विचारलं? मी सळईबद्दल एकदाही विचारलं नाही. पोरगी समोर होती, तिच्यावर ढकलून मोकळा झालो. मग फोनपाशी जाऊन बसले, तुझा नंबर अर्धा फिरवला आणि ठेवून दिला. फोनवर नाही जमायचं, म्हणाले.

म्हणून हे पत्र. माफी मागायची आहेच, पण ती मी स्वतः येऊन मागेन. तू दार लावून घेतलंस तर पायरीवर बसेन, तो तुझा हक्क आहे. आधी बाबा येताहेत. येत्या गुरुवारच्या बसचं तिकीट काढलंय, संध्याकाळी थेट तुझ्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसणार आहेत. तुला कळवू नको अशी मला ताकीद आहे, पण आता तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय, आणि नऊ वर्षांनी ते असे अचानक समोर आले तर तू गडबडून जाशील याचीही धास्ती वाटली. त्यांनी वहिनीकडून एक इंग्रजी वाक्य शिकून घेतलंय. तुझ्या वर्गात तुझ्याच भाषेत बोलायचं, असा हट्ट आहे. आठवडाभर रोज मी धार काढताना ते मास्तरीणबाईंच्या कानाशी घोकतात: आय वॉज राँग. उच्चार ऐकून तुला हसू येईल. हस खुशाल, पण वाक्य पूर्ण होईपर्यंत थांब, कारण मधेच थांबले तर पुन्हा सुरुवात करायला त्यांना फार वेळ लागतो.

तुझाच,
दादा