कुणाला काही सांगायचंय?

सोम. ३ नोव्हें.
कॉलेज सुटल्यापासून रोजनिशी लिहिली नव्हती. आज लिहिते आहे, कारण चौकशी समितीला शनिवारी अकरापर्यंत माझा लेखी जबाब हवा आहे. तिथे काय लिहीन, खात्री नाही. इथे तरी खरं असावं.
परवा दुपारी आमच्या मासळीच्या कारखान्याचे फोरमन हसुराम कोल्ड रूममध्ये अडकले. उणे अठरा. पाऊण तास. आतून दार उघडायचा दांडा नुसता फिरत राहिला. ते ठोकत होते. बाहेर पॅकिंगची मशीनं चालू, कुणाला ऐकू गेलं नाही. जिवंत आहेत. उजव्या हाताची बोटं बहुधा जातील.

मंगळ. ४
मंगळवारची मीटिंग नेहमीप्रमाणे उभ्यानेच, सात मिनिटांत. हजेरी, माल, शेवटी माझा प्रश्न, "कुणाला काही सांगायचंय?" मनात तीन मोजायचे, मग "चला, कामाला." इतकी वर्षं कुणी तोंड उघडलं नाही. मी त्याला शिस्त म्हणत होते.
आज एकवरच थांबले. सगळे गप्प, आणि त्या गप्प राहण्यात मला ठोकण्याचा आवाज. मशीनं तेव्हा बंद होती.

बुध. ५
रंजना. हसुरामची सून, पॅकिंगला. कोळंबी भरते. गेल्या महिन्यात दोनदा माझ्या केबिनच्या दारात येऊन उभी राहिली होती. दुसऱ्यांदा मी म्हणाले, "तक्रार असेल तर मीटिंगमध्ये सांग, सगळ्यांसमोर. कानात सांगितलेलं मी ऐकत नाही." नियम माझाच. चहाड्या बंद व्हाव्यात म्हणून.
त्यानंतरच्या मीटिंगला ती तिसऱ्या रांगेत. माझ्या उजव्या हाताला हसुराम. मी विचारलं, तिने मान खाली घातली. मी रजिस्टरला लिहिलं, तक्रार नाही.
आज तिला बोलावून विचारलं, तेव्हा त्या दांड्याचंच सांगायला आली होतीस का. म्हणाली, "दांडा बरा हाय, असा मामांनीच सांगलेला. सगल्यांच्या म्होरं मी त्यांना खोटं कशी पाडू? घरात त्यांच्यासमोर मी खुर्चीवर पन बसत नाय."
गव्हाणला हिच्या लग्नात मी जेवून आले आहे. सासरा-सून एकाच खात्यात, ही नेमणूकही माझ्याच सहीची. मला माहीत नव्हतं असं नाही. मला ते…

गुरु. ६
माझे वरिष्ठ साळवीसाहेब, त्यांनी माझा जबाब टाइप करून टेबलावर ठेवला. 'दाराबद्दल कुणीही कळवलं नव्हतं. फोरमनने तपासणीत हयगय केली.' त्यांचं म्हणणं, रजिस्टर तेच सांगतं. "मार्चमध्ये रिटायर होताय, बाई. स्वच्छ जाताय. कशाला घाण करून घेता?"
सही केली तर हसुरामची नोकरी जाते. नाही केली तर रंजनाला ठाऊक होतं हे तिच्या घरी कळतं. तिने अजून नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही.
संध्याकाळी वरच्या मजल्यावर कुणीतरी खिळा ठोकत होतं. मी जिना चढून त्यांची बेल वाजवली. "आत कुणी अडकलंय का?" त्या बाईंनी हातातला हातोडा दाखवला.
बाथरूमचं दार हल्ली लावत नाही. एकटीच तर राहते.

शुक्र. ७
हॉस्पिटल. हसुरामचे दोन्ही हात बँडेजमध्ये. विचारलं, "दांडा बिघडलाय हा कुनाला ठाव व्हता का, मॅडम? मला कोन बोल्ला नाय." मी म्हणाले, आराम करा. काय उत्तर हे. रंजना पायाशी उभी, खुर्ची रिकामी.
तिला बाहेर घेऊन गेले. तुझं नाव जबाबात लिहू का, विचारलं. मी पुन्हा विचारलं.
"तुमी विचारता मॅडम, नि लगेच घड्याल बघता."
बघतच होते. काढून पर्समध्ये टाकलं. मग किती वेळ गेला, सांगता येत नाही. ती खूप बोलली, दाराबद्दल थोडं, घराबद्दल जास्त. ते इथे लिहिणार नाही. शेवटी म्हणाली, "लिवा माजा नाव. पन मामांना आदी मी सांगनार. आज."

शनि. ८
रंजना कामावर नाही. फोन वाजतो, उचलत नाही. हॉस्पिटलात विचारलं, तिथेही सकाळपासून आलेली नाही. बोलली की नाही, कळायला मार्ग नाही. समितीकडे सोमवारपर्यंत मुदत मागितली, अर्धा तास मिळाला. तो फोन लावण्यात गेला.
साडेअकराला दिलं:
जबाब, दोन पानं, माझ्या हातचा. त्यात रंजनाचं नाव, ती दोनदा आल्याचं आणि मी काय म्हणाले ते शब्दशः.
साळवीसाहेबांचा मसुदा, सहीविना.
मीटिंगचं रजिस्टर.
या वहीची कालपर्यंतची पानं, झेरॉक्स.
पोच घेतली.