सोमवारची वॅगन

मंगळवार, ९ फेब्रुवारी १९५४

शरदचंद्र! शरदचंद्र! कारखान्यात आज दुसरं नाव नाही. पुण्याहून येऊन जेमतेम महिना झालाय या पोराला. मला डिस्पॅचमध्ये नऊ वर्षं झाली. त्याने भिंतीवर भलामोठा कागद लावला — रंगाचे डबे गोदामातून निघून स्टेशनच्या मालधक्क्यावर पोचेपर्यंत कुठे कुठे जातात, त्याच्या चौकटी नि बाण. माझ्या टेबलाशी तीन बाण येऊन अडतात. तीन! साहेब मोठ्याने हसले. मीही हसलो. आत नुसता जळफळाट.

गुरुवार, ११

डिस्पॅचप्रमुखाची जागा या महिन्यात भरणार. ती आता त्याचीच, हे न कळायला मी दूधखुळा नाही. त्यात संध्याकाळी स्वारी घरी चहाला! कागद उलगडून बसला. कुमुदिनी म्हणते, "किती सुबक आखलंय हो! तुमचं इतकी वर्षं सगळं तोंडीच."

माझ्याच घरात, माझ्याच बायकोच्या तोंडून.

शुक्रवार, १२

रोज थोडा थोडा माल धाडण्यापेक्षा आठवड्याला एक भरलेली वॅगन, असं त्याचं म्हणणं. बरोबर आहे. मला का सुचलं नाही? वॅगन मागवण्याआधी विचारायला आला — "श्रीपादराव, वार तुम्ही सांगाल तो. सोमवार की मंगळवार?"

धक्क्यापर्यंत डबे नेणारे मोरिवली गावचे गाडीवान सोमवारी बैल जुंपत नाहीत. महादेवाचा वार. नऊ वर्षांत मी सोमवारी एकदाही गाडी मागवलेली नाही.

"सोमवार," म्हणालो.

सोमवार, १५

वॅगन धक्क्यावर, डबे फाटकात रचलेले — आणि बैलगाडी एकही नाही! चार वाजता रेल्वेने वॅगन रिकामीच ओढून नेली. साहेब लालबुंद. शरदचंद्र मान खाली घालून म्हणाला, "मी कुणाला विचारलं नाही. चूक माझीच."

मी तिथेच उभा होतो. शुक्रवारी त्याने मलाच विचारलं होतं.

बुधवार, १७

जागा मला मिळाली! त्याला गोदामात डबे मोजायला बसवलंय. कुमुदिनीने शिरा केला. दोनदा मागून घेतला.

गुरुवार, १८

फाटकाशी महिपती गाडीवान भेटला. म्हणाला, "त्या नव्या सायबाला मी शनवारीच सांगितला व्हता, सोमवारी बैल नाय जुंपायचे. तर बोलला, श्रीपादरावांनी दिलेला वार हाय, त्यात चूक नसंल."